बंदूक खांद्यावर, कॅमेरा हातात

नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून जिम कॉर्बेट हे नाव मराठी घरांत पोहोचले त्याला आता कित्येक वर्षे झाली. चंपावतची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या, चौगडची वाघीण, मोहनचा नरभक्षक ही नावे उन्हाळ्याच्या सुट्टीत अनुवादांचा फडशा पाडणाऱ्या मुलांना तोंडपाठ असत. पुस्तक मिटले की डोळ्यांसमोर उरणारे चित्रही ठरलेले. डोक्यावर हॅट, अर्धी चड्डी, हातात रायफल आणि पायाशी निपचित पडलेला वाघ. या चित्रातून एक वस्तू मात्र नेहमी निसटते. आयुष्याच्या उत्तरार्धात कॉर्बेट ज्या वस्तूसाठी तासन् तास ओढ्याकाठी बसून राहिले, जिच्यापायी त्यांनी वाघाच्या अंगावर जाण्याइतकी जवळीक केली, ती वस्तू म्हणजे चलत्चित्रणाचा कॅमेरा.

शिकाऱ्याने एके दिवशी बंदूक फेकून दिली आणि तो निसर्गप्रेमी झाला, अशी गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायलाही गोड. कॉर्बेट यांची गोष्ट इतकी सरळ नाही. त्यांच्या खांद्यावर बंदूक आणि हातात कॅमेरा ही दोन्ही ओझी बरीच वर्षे एकत्र होती. त्या दोहोंच्या ओढाताणीतच हा माणूस खरा कळतो.

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालचा. वडील ख्रिस्तोफर तिथे पोस्टमास्तर. आई मेरी जेन यांच्या मोठ्या प्रपंचातले हे आठवे अपत्य. जिम लहान असतानाच, १८८१ मध्ये वडील वारले आणि थोरला भाऊ टॉम याने पुढे पोस्टाची नोकरी आणि घर दोन्ही सांभाळले. गोरे असले तरी हे कुटुंब साहेबांच्या वरच्या वर्तुळातले नव्हे. हिंदुस्थानातच जन्मलेल्या, इथेच पोट भरणाऱ्या गोऱ्यांकडे विलायतेहून आलेले अधिकारी जरा खालच्याच नजरेने पाहत. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगरपायथ्याच्या कालाढुंगीला, असा घरचा शिरस्ता होता. कालाढुंगीच्या घराला लागूनच जंगल सुरू होई आणि जिमची खरी शाळा तिथेच भरे.

या शाळेतले पहिले साहित्य म्हणजे गलोल. त्यानंतर आली ठासणीची एक जुनाट, दुनळी बंदूक, तीही एका नळीला तडा गेलेली. ती जिमला मिळाली त्यामागचे कारण मोठे मौजेचे आहे. स्टीफन डीझ नावाचा एक नातेवाईक कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होता आणि त्याला पक्ष्यांचे नमुने हवे होते. म्हणजे या मुलाच्या हाती पहिली बंदूक आली ती पाखरे ओळखण्याच्या कामासाठी! त्या काळात दुर्बिणी आणि कॅमेरे सर्वांच्या आवाक्यात नव्हते. पक्षी ओळखायचा तर तो आधी मारायचा, हाच अभ्यासाचा रिवाज होता. पाहणे आणि मारणे या दोन गोष्टी जिमच्या आयुष्यात अशा अगदी आरंभापासून एकमेकींना बांधल्या गेल्या. ती गाठ सोडवण्यात त्याचा जन्म गेला.

रानात फिरायला शिकवणारा गुरू होता कुंवरसिंग, पंचक्रोशीतला नावाजलेला चोरटा शिकारी. रस्ता चुकल्यावर दिशा कशी धरायची, भीती वाटली तर ती कशी गिळायची, हे त्याने शिकवले. बाकीचे धडे जंगलानेच दिले. सकाळी पायवाटेवरच्या बारीक धुळीत रात्रीचा सगळा वृत्तांत लिहिलेला असतो. पंजाच्या ठशावर दव पडलेले आहे की ठसा दवावर उमटलेला आहे, एवढ्यावरून जनावर कधी गेले हे सांगता येते. चितळ ओरडले, भेकर भुंकले, झाडावरच्या लंगुराने खाकरल्यासारखा आवाज काढला, तर कोणी कोणाला पाहिले आणि ते कोणत्या दिशेने निघाले आहे, याचा हिशेब मांडता येतो. जिम हा हिशेब शिकला आणि पाखरांचे, जनावरांचे आवाज हुबेहूब काढायलाही शिकला.

शिक्षण मात्र तिथेच थांबले. घरच्या ओढगस्तीमुळे विशीच्या आतच त्याला रेल्वेची नोकरी धरावी लागली. पुढे गंगेकाठी मोकामा घाट इथे रुंद मापाच्या गाड्यांतला माल मीटरमापाच्या गाड्यांत चढवण्याचे कंत्राट त्याने घेतले आणि वीस वर्षांहून अधिक काळ ते चालवले. हमालांबरोबर स्वतः खांद्याला खांदा लावून पोती वाहणारा हा गोरा कंत्राटदार सुट्टी मिळाली की कुमाऊंच्या डोंगरांत परते. पहिल्या महायुद्धात पाचशे कुमाऊंनी माणसांची तुकडी उभारून तो फ्रान्सला गेला. या माणसांविषयीची माया त्याच्या लेखणीत पुढे पानोपानी उतरली.

१९०७ साल उजाडले ते चंपावतच्या वाघिणीचे. नेपाळात आणि नंतर कुमाऊंत मिळून ४३६ माणसे या एका वाघिणीने मारली, अशी नोंद आहे. तिच्या मागावर जाण्यापूर्वी कॉर्बेट यांनी सरकारला दोन अटी घातल्या. जाहीर केलेले इनाम रद्द करायचे आणि बाकीचे शिकारी परत बोलवायचे. पैशासाठी वाघ मारणारा अशी आपली गणना होऊ नये, हे पहिल्या अटीचे कारण. दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागू नये, हे दुसरीचे. वाघीण मेल्यावर त्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. कुण्या शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने हे काम केले होते. सुळे गेले, नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसांकडे वळली.

पुढच्या प्रत्येक नरभक्षकाच्या बाबतीत कॉर्बेट हीच तपासणी करत आणि बहुतेक वेळा तसेच काहीतरी सापडे. कधी चिघळलेली जुनी जखम, कधी साळिंदराचे पायात रुतून बसलेले काटे, कधी म्हातारपण. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नाही, त्याला तसे व्हायला काहीतरी भाग पाडते, हा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्यांच्या घरातले माणूस वाघाने नेले त्यांच्या अंगणात बसून, त्यांचे रडणे ऐकून हा निष्कर्ष काढणे सोपे नव्हते.

नरभक्षकांचा माग ते बहुधा एकटे आणि पायीच काढत. हत्तीवरून, शेदोनशे हाकारे लावून केलेली शिकार वेगळी आणि झाडीतून एकट्याने चालणे वेगळे. अशा चालण्यात वारा हाच मोठा सोबती आणि तोच मोठा दगाबाज. माणसाला हरणासारखे नाक नाही, हे नरभक्षकाला ठाऊक नसते. तो माणसालाही इतर सावजासारखाच समजतो आणि आपला वास त्याला जाऊ नये अशा बाजूने येतो. त्यामुळे वारा समोरून येत असेल तर धोका पाठीशी. कॉर्बेट अशा वेळी नागमोडी चालत, वारा कधी उजव्या गालावर, तर कधी डाव्या गालावर घेत. गढवालमध्ये केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर आठ वर्षांत १२५ बळी घेणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबट्याला त्यांनी मे १९२६ मध्ये टिपले. त्यामागे अशाच कित्येक आठवड्यांच्या पायपिटीची आणि जागरणांची पुंजी होती.

त्याच सुमारास संयुक्त प्रांतातल्या जंगलांत आणखी एक इंग्रज भलतेच उद्योग करत होता. फ्रेडरिक चॅम्पियन हे वनाधिकारी. त्यांना वाघ मारण्यात रस नव्हता, वाघाचे छायाचित्र मात्र हवे होते, तेही रात्री, त्याच्या नेहमीच्या वाटेवरून जाताना. त्यांनी वाटेवर एक बारीक तार अशी ताणली की वाघाचा पाय लागताच झगझगीत उजेड व्हावा आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडून मिटावी. वर्षानुवर्षे फजिती सोसल्यावर ही युक्ती साधली. १९२५ मध्ये ही चित्रे लंडनच्या साप्ताहिकात झळकली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. मोकळ्या रानात, आपल्याच तंद्रीत चाललेला वाघ जगाने असा पहिल्यांदाच पाहिला. चॅम्पियन यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. कोणत्याही दोन वाघांच्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. चित्रे शेजारी शेजारी ठेवली की हा वाघ कोणता आणि तो कोणता, हे सांगता येते.

चॅम्पियन यांच्या चित्रांनी कॉर्बेट यांना वेड लावले. त्यांनी १६ मिलिमीटरचा चलत्चित्रणाचा कॅमेरा हाती घेतला आणि तराईच्या जंगलांत नव्याने पायपीट सुरू केली. वाघ शोधणे त्यांना अवघड नव्हते. अवघड होते ते पुढचेच. बंदुकीला वाघ क्षणभर दिसला तरी पुरतो. कॅमेऱ्याला तो उजेडात लागतो, जवळ लागतो आणि बराच वेळ लागतो. त्यात त्या काळच्या फिल्मला भरपूर प्रकाश हवा असे आणि वाघ तर बसणार दाट सावलीत. शिवाय किल्लीवर चालणारा तो कॅमेरा घर्र घर्र आवाज करी. पानावर पान घासले तरी कान टवकारणाऱ्या जनावरापुढे तो आवाज म्हणजे ढोलच. अनेक वर्षे भटकूनही मनासारखी चित्रे हाती लागेनात.

शेवटी त्यांनी बेत बदलला. वाघामागे जाण्याऐवजी वाघालाच आपल्याकडे आणायचे ठरवले. घनदाट रानात, लहानसा ओढा वाहणारी एक जागा त्यांनी निवडली. ओढ्यात छोटे छोटे बांध घातले, म्हणजे त्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याची घरघर बुडून जावी. मग काही महिने खपून, आमिष दाखवत, एकेका वाघाला त्या जागेची सवय लावली. घाई केली असती तर सगळे मुसळ केरात गेले असते. अखेर तिथे सात वाघ येऊ लागले, त्यात एक पांढरट रंगाची वाघीणही होती. आडोशाला दडून, काही फुटांवरून कॉर्बेट यांनी त्यांचे चित्रण केले. नरभक्षकांच्या कथांच्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी या खटपटीला शेवटचे प्रकरण दिले. शिकारीत मारलेल्या वाघाचे कातडे हे त्या शिकाऱ्याच्या भिंतीपुरते आणि कालांतराने कसर लागणारे. चांगले छायाचित्र मात्र पाहणाऱ्या प्रत्येकाचे आणि टिकणारे, असा त्यांचा तिथला युक्तिवाद आहे. मनगटाचा नेम आणि पायांचे बळ तेच राहिले होते. आता त्यांना जोड हवी होती ती वाघाला काहीही न करता त्याच्या शेजारी बसून राहण्याची.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण ती संपत नाही. कॅमेरा हाती आल्यानंतरच, १९३० च्या हिवाळ्यात कॉर्बेट यांनी पवळगडचा प्रसिद्ध वाघ मारला. संयुक्त प्रांतातले बडेबडे शिकारी दहा वर्षे ज्याच्या मागे होते, असा हा प्रचंड वाघ. त्याने माणूस मारलेला नव्हता. इतरांच्या हाती लागण्यापेक्षा आपल्या हातून जावा, एवढीच त्यामागची ओढ असावी. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि त्यांच्यासाठी शिकारीचा बेत आखून देण्याचे कामही कॉर्बेट करत. एकीकडे वाघ वाचवा म्हणून सांगायचे आणि दुसरीकडे लाटसाहेबांना वाघापुढे नेऊन उभे करायचे, ही विसंगती आजच्या नजरेला खुपते. खुपायलाच हवी. पण ज्या राजवटीत जंगल राखायचे की नाही हे लाटसाहेबांच्या मर्जीवर होते, तिथे कॉर्बेट यांच्या शब्दाला मिळालेले वजनही याच ओळखीपाळखीतून आलेले होते, हेही विसरता येत नाही.

त्या वजनाचा उपयोग त्यांनी केला. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यातले सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचे रान राखून हिंदुस्थानातले पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. गव्हर्नर माल्कम हेली यांचे नाव त्याला मिळाले. त्याच्या सीमा ठरवताना कॉर्बेट यांचा सल्ला घेतला गेला होता. त्याच काळात ते शाळाशाळांतून फिरून मुलांना रानाच्या गोष्टी सांगत आणि जनावरांचे आवाज काढून दाखवत. काळोख्या दिवाणखान्यात अचानक उठलेली वाघाची डरकाळी ऐकून पोरांची काय गाळण उडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नरभक्षकांची हाक आली की मात्र खांद्यावर बंदूक चढे. १९३८ च्या नोव्हेंबरात, त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी ठाकच्या नरभक्षक वाघिणीला मारले. भीतीने गाव ओस पडले होते, शेते तशीच उभी होती. मिटत चाललेल्या संध्याकाळच्या उजेडात नर वाघाची साद घालून त्यांनी तिला जवळ बोलावले आणि समोर येताच गोळी झाडली. लहानपणी कालाढुंगीच्या रानात जडलेली विद्या इथे कामी आली. तिला फसवल्याची बोच त्या कथेच्या शेवटी लपत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जंगलातल्या लढाईचे धडे देण्यासाठी त्यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन छिंदवाड्याला नेमण्यात आले. पायाखालची काटकी न मोडता कसे चालावे, कोणती पाने खावी, पाणी कुठे शोधावे, हे अडुसष्ट वर्षांचा म्हातारा विशीतल्या जवानांना शिकवत होता. त्याच १९४४ साली त्यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे पुस्तक निघाले, ते आपल्या मुंबईत. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने ते छापले आणि बघता बघता ते जगभर गेले. पुस्तकाचे उत्पन्न लेखकाने युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या वसतिगृहाला दिले. आयुष्यभर डोळ्यांवर जगलेल्या माणसाला हेच सुचावे, यात नवल नाही.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बहीण मॅगीसह कॉर्बेट केनियाला निघून गेले. दोघेही अविवाहित, दोघांचेही सारे आयुष्य कुमाऊंत गेलेले. नव्या राजवटीत आपल्याला थारा राहील की नाही, ही धास्ती मनात होती. ती अनाठायी होती, हे काळाने दाखवले. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या आपल्या गावची जमीन त्यांनी कुळांच्या हाती सोपवली होती आणि तिचा शेतसारा परदेशातूनही तेच भरत राहिले. त्या गावाला त्यांनी बांधलेली दगडी भिंत आजही दाखवतात.

केनियात न्येरी गावी, बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेल्या छोट्या घरात ही भावंडे राहिली. तिथे कॉर्बेट यांची भटकंती आणि चित्रण पुन्हा सुरू झाले. आता कॅमेऱ्यापुढे हत्ती आणि गेंडे होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ जवळच्या 'ट्रीटॉप्स' या झाडावरच्या विश्रामगृहात वन्य प्राणी पाहायला आल्या, तेव्हा सोबतीला कॉर्बेट होते. राजकन्येनेही त्या संध्याकाळी कॅमेरा चालवला. त्याच रात्री लंडनमध्ये राजे सहावे जॉर्ज वारले आणि झाडावर राजकन्या म्हणून चढलेली तरुणी खाली उतरली ती राणी होऊन. या रात्रीवर लिहिलेले छोटे पुस्तक कॉर्बेट यांचे शेवटचे ठरले. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. न्येरीच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल मिळालेली रिग्बी रायफल त्यांनी मागे ठेवली ती आपल्या प्रकाशकांसाठी.

निधनानंतर रामगंगेच्या राष्ट्रीय उद्यानाला कॉर्बेट यांचे नाव मिळाले. स्वतंत्र भारताने एका परक्याचे नाव पुसण्याऐवजी नव्याने दिले, असे उदाहरण विरळाच. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही याच रानात झाली. त्या पहिल्या नऊ राखीव जंगलांत आपले मेळघाट होते. २०२२ च्या गणनेत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघ आढळले, देशातल्या कोणत्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा अधिक. महाराष्ट्राचा आकडा ४४४ होता.

आणि हे वाघ मोजले कसे? ताडोबात, मेळघाटात, पेंचमध्ये वाघांच्या नेहमीच्या वाटांवर दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधलेले असतात. वाघ समोरून गेला की चित्र आपोआप निघते आणि पट्ट्यांवरून त्याची ओळख पटवली जाते. २०१८ च्या गणनेत देशभर अशी सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे निघाली. चॅम्पियन यांनी वाटेवर ताणलेली ती बारीक तार इथवर येऊन पोहोचली आहे. मात्र कॅमेरे कुठे बांधायचे, हे ठरवायला आजही वनरक्षक आधी पायी फिरतात. वाटेवरची धूळ पाहतात, ठसा ताजा की शिळा हे ओळखतात, दूरवर चितळ ओरडले की थबकतात.

पर्यटक या जंगलांत जीपमधून जातात आणि तेच योग्य आहे. पायी हिंडायची मुभा तिथे नाही. तरीही एखाद्या सकाळी गाडी थांबते, वाटाड्या इंजिन बंद करायला सांगतो आणि बोट ओठांवर ठेवतो. कुठेतरी लंगूर खाकरतो. मोबाइल सरसावण्यापूर्वी ज्याचे कान त्या दिशेला वळतात, त्याला कालाढुंगीच्या त्या पोराचा पहिला धडा कळला म्हणायचा.